सोंगाड्या लॅपटॉप

विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या पोटात एक सोय दडलेली होती आणि त्या सोयीला बटणच नव्हतं. सेटिंग्जच्या पानांवर ती दिसायची नाही. ती जागी करायची तर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायची आणि 'नेटश डब्ल्यूलॅन सेट होस्टेडनेटवर्क' अशी सुरू होणारी लांबलचक ओळ टाइप करायची. त्या ओळीतच आपल्या नेटवर्कचं नाव आणि किमान आठ अक्षरांचा पासवर्ड द्यायचा. मग 'स्टार्ट'ची दुसरी ओळ. एंटर मारलं की शेजारी बसलेल्याच्या फोनवर, वायफायच्या यादीत, एक नवं नाव उमटायचं. राउटर नाही, भिंतीवर डबा नाही, आणि तरी वायफाय!

इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वसतिगृहांत या दोन ओळी तोंडपाठ असणाऱ्या मुलाला मोठा मान होता. खोलीत लॅनचा पॉइंट एक आणि राहणारे तिघे, किंवा तिघांत मिळून यूएसबीचं एकच डेटा कार्ड, ज्याला सगळे डोंगल म्हणत. दर वेळी टाइप कोण करणार, म्हणून त्या ओळी नोटपॅडमध्ये उतरवून त्यांची बॅट फाइल करायची आणि ती पेनड्राइव्हवरून मजलाभर वाटायची. आज विंडोज १० आणि ११ मध्ये हेच काम 'मोबाइल हॉटस्पॉट' नावाचं बटण करतं. ते ऑगस्ट २०१६ च्या अपडेटबरोबर आलं. बटण आलं आणि आत काय चालतं याची विचारपूस थांबली. खरं तर बघण्यासारखं जे आहे ते आतच आहे. लॅपटॉप हा मुळात नेटचं गिऱ्हाईक. त्याला गिऱ्हाईक राहूनच दुकानही चालवायला सांगितलं की त्याला एकामागून एक सोंगं घ्यावी लागतात, आणि ती इतकी बेमालूम वठतात की पलीकडच्या यंत्रांना सहसा संशयही येत नाही.

लॅपटॉपमध्ये वायफाय आलं तेच मुळी गिऱ्हाईक म्हणून. २१ जुलै १९९९ ला न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात स्टीव्ह जॉब्जने आयबुकवर वेबपान उघडलं, लॅपटॉप हातात उचलला आणि त्याच्याभोवती हुला हूपचं कडं फिरवून दाखवलं. कुठे तार चिकटलेली नाही याची प्रेक्षकांना खात्री पटावी म्हणून. पण नेट येत होतं ते एअरपोर्ट नावाच्या वेगळ्या यंत्रातून, आणि ते यंत्र वेगळं विकत घ्यायचं होतं. देणारा आणि घेणारा ही विभागणी पहिल्या दिवसापासूनची.

मधल्या यंत्राशिवाय दोन संगणकांनी आपसात बोलावं, अशी तरतूदही वायफायच्या १९९७ च्या मूळ मानकात होती. तिचं नाव ॲड-हॉक. विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा वापरणाऱ्यांना ती आठवत असेल. चालायची, पण रडतखडत. तिच्यावर बहुधा डब्ल्यूईपी या जुन्या कुलपाचीच राखण असायची. त्या कुलपाच्या रचनेतली खोट फ्लुहरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी २००१ मध्येच दाखवून दिली होती. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी ते मिनिटभरात उघडूनही दाखवलं. शिवाय अँड्रॉइड फोन आले आणि त्यांना ॲड-हॉक नेटवर्कं दिसायचीच नाहीत. लॅपटॉप ओरडून ओरडून 'मी इथे आहे' सांगतोय आणि फोनच्या यादीत त्याचा पत्ता नाही. फोन फक्त ॲक्सेस पॉइंट ओळखत होता. तेव्हा लॅपटॉपला ॲक्सेस पॉइंटचंच रूप घेणं भाग होतं.

इथे एक अडचण होती, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मजेची वाटते. लॅपटॉपमध्ये वायफायचं कार्ड एकच असतं. एका वेळी ते एकाच चॅनेलवर असू शकतं, एकाच नेटवर्कचं सदस्य असू शकतं. वरच्या राउटरकडून नेट घ्यायचं आणि त्याच कार्डाने खालच्या फोनला ते द्यायचं, म्हणजे दोन नेटवर्कांत एकाच वेळी हजेरी लावायची. कॉर्नेल विद्यापीठातला रणवीर चंद्रा हा आयआयटी खरगपूरचा माजी विद्यार्थी आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले परमवीर बहल व प्रदीप बहल यांनी याचं उत्तर शोधलं. मल्टिनेट नावाने ते २००४ च्या इन्फोकॉम परिषदेत मांडलं गेलं.

उत्तर वायफायच्या बॅटरी वाचवण्याच्या सवयीत होतं. वायफायचं यंत्र अधूनमधून डुलकी घेतं आणि डुलकी घेण्यापूर्वी राउटरला तसं कळवतं. मग राउटर त्याच्या नावाचे डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेट, आपल्यापाशी सांभाळून ठेवतो आणि जाग आल्यावर हवाली करतो. मल्टिनेटने काय केलं, तर कार्डाला झोपेचं सोंग घ्यायला शिकवलं. 'मी झोपतोय' असं पहिल्या नेटवर्कला सांगायचं आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या नेटवर्कवर जाऊन तिथलं काम उरकायचं. मग तिथेही झोपल्याचं सांगून पहिल्याकडे परतायचं. साठवलेले तुकडे घ्यायचे, पुन्हा झोपायचं. हे इतक्या झपाट्याने चालतं की वापरणाऱ्याला दोन्ही नेटवर्कं अखंड जोडलेली दिसतात. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, असं आपण वैतागून म्हणतो. या तिघांनी त्या सोंगावर नेटवर्क चालवलं.

पुढे या कामाला व्हर्च्युअल वायफाय हे नाव मिळालं आणि विंडोज ७ मध्ये त्याची धाकटी, समजूतदार आवृत्ती आली. तिच्यात लॅपटॉपचा हॉटस्पॉट बहुधा वरच्या राउटरच्याच चॅनेलवर सुरू होतो, त्यामुळे उड्या मारण्याची दगदग वाचते. नेटवर्क कार्डांच्या यादीत एक जास्तीचं नाव दिसायला लागायचं, 'मायक्रोसॉफ्ट व्हर्च्युअल वायफाय मिनिपोर्ट ॲडॉप्टर'. हात लावून दाखवता येईल असं कार्ड एकच, पण विंडोजच्या हिशेबी दोन. हा रणवीर चंद्रा पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये शेतीच्या प्रश्नांकडे वळला. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊसशेतीतल्या प्रयोगांत मायक्रोसॉफ्टचं जे तंत्र वापरलं गेलं, त्यामागच्या कामाचा तो प्रमुख. वसतिगृहातला डोंगल आणि बारामतीचा ऊस एकाच माणसापाशी येऊन मिळतील असं कुणाला वाटलं असतं?

फोन जोडला गेला, पूर्ण रेघा दिसतात, पण नेट नाही. ही त्या काळातली सार्वत्रिक तक्रार होती. कारण बहुतेकांनी काळ्या खिडकीतल्या दोन ओळी केल्या होत्या आणि तिसरं काम विसरले होते. जिथून नेट येतं त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग'चा टॅब उघडायचा, खूण करायची आणि खालच्या यादीतून ते जास्तीचं कार्ड निवडायचं. ही खूण म्हणजे 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग'. ती वायफायपेक्षा निराळी आणि जुनी सोय. विंडोज ९८ च्या १९९९ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत ती आली, तेव्हा घरातल्या दोन संगणकांत मोडेमची एकच जोडणी वाटून घेण्यासाठी. हॉटस्पॉट म्हणजे नुसतं वायफाय नव्हे. वायफाय हा रस्ता झाला. त्या रस्त्यावरून आलेल्या प्रत्येक मागणीवर लॅपटॉपने स्वतःचं नाव घालून ती पुढे पाठवणं, हे या खुणेचं काम. दुसरं सोंग इथे सुरू होतं.

प्रत्येक यंत्राला इंटरनेटवर एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या ४२९ कोटींच्या आसपास. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते पुरणार नाहीत हे कळून चुकलं होतं. मे १९९४ मध्ये एगेवँग आणि फ्रान्सिस या दोघांनी एक टिपण प्रसिद्ध केलं. त्यातली सूचना अशी की आतल्या अनेक यंत्रांना खासगी पत्ते द्यावेत आणि बाहेर जाताना ते बदलून टाकावेत. लेखकांच्या मते ही तात्पुरती मलमपट्टी होती, कायमचं औषध येईपर्यंतची. तीस वर्षं उलटून गेली, मलमपट्टी जागच्या जागी आहे. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य किती असतं ते निराळं सांगायला नको, पण या बाबतीत सगळं जग आपल्यासारखंच निघालं.

लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर हे कसं चालतं ते पाहू. विंडोजमध्ये लॅपटॉप स्वतःला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो. जोडलेल्या फोनला त्याच मालिकेतला पुढचा एखादा पत्ता देतो, समजा शेवटी २३ असलेला. पत्ता वाटण्याचं हे काम डीएचसीपी नावाच्या रीतीने होतं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून खासगी वापरासाठी राखीव आहेत. जगात कोट्यवधी घरांत तेच आकडे असतात, पण बाहेर त्यांना किंमत नाही. आता फोनने एक वेबपान मागितलं. मागणीच्या पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी फोनचा पत्ता आहे आणि त्याच्याबरोबर एक पोर्ट क्रमांक, समजा ५१०००. लॅपटॉप तो पत्ता खोडतो, तिथे स्वतःचा घालतो, पोर्टच्या जागी स्वतःकडचा मोकळा क्रमांक घालतो, समजा ६०००१. आपल्या वहीत नोंद करतो की ६०००१ वर जे येईल ते फोनचं. पाकिटावरची तपासणीची बेरीजही नव्याने करतो, कारण आकडे बदलले की बेरीज बदलणारच. उत्तर आलं की वही बघून उलट खाडाखोड, आणि पाकीट फोनकडे. वेबसाइटला वाटतं आपण लॅपटॉपशी बोललो. वसतिगृहाच्या सर्व्हरलाही तेच वाटतं.

या वहीमुळे एक गोष्ट आपोआप घडते. बाहेरून कुणी न विचारता आलं, तर वहीत त्याची नोंदच नसते आणि लॅपटॉप ते पाकीट टाकून देतो. आतल्या फोनला त्यातून थोडं संरक्षण मिळतं. पण ज्या ऑनलाइन खेळांत समोरच्याने थेट आपल्या यंत्राशी जोडून घ्यायचं असतं ते अडतात. त्यात वरचा राउटरही स्वतः हेच सोंग घेऊन बसलेला, आणि मोबाइल कंपनीचं नेट असेल तर कंपनीही. एका पाकिटावर तीन वेळा खाडाखोड झालेली असते.

सोंग ओळखणारेही असतात. प्रत्येक पाकिटावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. मधल्या प्रत्येक यंत्राने पाकीट पुढे पाठवताना त्यातून एक वजा करायचा, म्हणजे वाट चुकलेली पाकिटं अनंतकाळ फिरत बसत नाहीत. अँड्रॉइड आणि आयफोनची पाकिटं ६४ या आकड्याने निघतात, विंडोजची १२८ ने. उलट फोनच लॅपटॉपला नेट वाटत असेल आणि मोबाइल कंपनीच्या दारात एकाच सिमकडून ६४ बरोबर १२७ असे आकडे यायला लागले, तर त्या फोनच्या मागे आणखी कुणी बसलंय हे उघड. वाटून घेण्याचे जादा पैसे आकारण्याची अमेरिकी कंपन्यांची रीत होती, त्यामुळे तिकडे हा लपंडाव चांगलाच रंगला. जादा पैसे न भरता वाटणी करून देणारी ॲप अडवल्याच्या प्रकरणात व्हेरायझनने जुलै २०१२ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाकडे साडेबारा लाख डॉलर भरून ते मिटवलं. वापरणाऱ्यांनी शोधलेला उपाय साधा होता. लॅपटॉपचा आकडा ६५ करून ठेवायचा, म्हणजे फोनमधून बाहेर पडताना तो ६४ होतो.

'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही', असं जुनी माणसं म्हणतात. इथे पैशाच्या जागी वेग धरायचा. लॅपटॉप वायफायने नेट घेऊन वायफायनेच देत असेल, तर प्रत्येक पाकीट त्याच हवेतून, त्याच चॅनेलवर दोनदा जातं. एकदा राउटर ते लॅपटॉप आणि एकदा लॅपटॉप ते फोन. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. म्हणजे फोनला मिळणारा वेग निम्म्यावर येणार हे गणितातच लिहिलेलं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच, आणि इमारतीतल्या सगळ्यांचे राउटर त्यांवर बसलेले. तिथे निम्मंही मिळालं तर नशीब. लॅपटॉपचे अँटेना बहुधा पडद्याच्या कडेत असतात. लॅपटॉप मिटला की दिशा बिघडते, आणि झोपेच्या सेटिंगमुळे तो खरोखरच झोपला तर दुकानच बंद.

म्हणून माझ्या मते लॅपटॉपचा हॉटस्पॉट शोभतो तो तारेने नेट येतं तिथे. लॅनची केबल असो की यूएसबीने जोडलेला फोन, आत तार आणि बाहेर हवा, की वेगाची दुहेरी वजावट टळते. अनेक मॅक लॅपटॉपांवर वायफायने घेऊन वायफायनेच वाटायची सोय मुळातच नसते. त्यामागे हेच कारण असेल तर ती आडमुठेपणापेक्षा शहाणपणाची गोष्ट म्हणायला हवी. जुनी काळी खिडकीही आता बऱ्याच यंत्रांवर उपयोगाची राहिलेली नाही. नव्या कार्डांचे ड्रायव्हर 'होस्टेड नेटवर्क सपोर्टेड' या प्रश्नाला सरळ 'नो' म्हणतात. आताचं बटण वायफाय डायरेक्ट या दुसऱ्या मार्गाने काम करतं आणि आठ यंत्रांपर्यंत जोडू देतं.

फोनमध्येच हॉटस्पॉट आल्यावर या सगळ्याची गरज किती उरली? अँड्रॉइडमध्ये तो २०१० च्या २.२ आवृत्तीत आला, आयफोनवर २०११ मध्ये. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डोंगल अडगळीत गेला. तरी काही जागा फक्त लॅपटॉपच्याच राहिल्या. तळघरातली प्रयोगशाळा, जिथे मोबाइलला रेंज नाही पण भिंतीत लॅनचा पॉइंट आहे. किंवा हॉटेलची खोली, जिथे खोली क्रमांक आणि आडनाव घालून लॉगिन करायचं पान येतं, पण टीव्हीला लावायच्या स्टिकवर किंवा मुलाच्या खेळाच्या यंत्रावर ते पान उघडतच नाही. तिथे लॉगिन लॅपटॉपने करायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या आड बसायचं.

आड बसण्याचा हिशेब मात्र ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्याकडे मागितला जातो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांकडे एक ईमेल पोहोचला होता. त्याच्या पत्त्याचा माग काढत तपास नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटपाशी येऊन थांबला. तिथे राहणाऱ्या अमेरिकी गृहस्थाच्या वायफायचा बाहेरच्यांनी वापर केला होता. ऑगस्टमध्ये असाच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या जोडणीवरून गेला, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. वायफायसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त झाला होता २००५ मध्ये. चार वर्षांतच मोकळीक आणि जबाबदारी समोरासमोर उभ्या राहिल्या. विंडोज ७ चा हॉटस्पॉट डब्ल्यूपीए-२ या नव्या कुलपाशिवाय सुरूच होत नव्हता, ते बरंच झालं.

लॅपटॉपच्या बाबतीत हा हिशेब जास्त अवघड आहे. कंपनीच्या नोंदीत दिसतो तो फक्त लॅपटॉप. आत कोण होतं ते सांगणारी वही लॅपटॉपच्या स्मृतीत असते आणि हॉटस्पॉट बंद केला की पुसली जाते. चालू असेपर्यंत सेटिंग्जच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. प्रत्येकाचं नाव, खासगी पत्ता आणि कार्डावर कारखान्यातच कोरलेला मॅक ॲड्रेस. कोण घुसलंय ते पाहायला ही यादी पूर्वी पुरायची. पण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला एक बनावट मॅक ॲड्रेस सांगतात, आपला माग काढता येऊ नये म्हणून. लॅपटॉपच्या यादीत आज जो बारा आकडी-अक्षरी पत्ता दिसतो, तो बहुधा त्या फोनचा खरा पत्ता नसतोच.